भवानीबाईंचा पीळ

आमच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवणाऱ्या भवानीबाईंना जगातल्या फार थोड्या गोष्टी पसंत होत्या. म्हैसूरची थंडी तर त्यांना शुद्ध ढोंग वाटे. डिसेंबरात कानाला मफलर गुंडाळून दुधाला निघालेले पेन्शनर दिसले की त्या म्हणत, "बर्फ पडायच्या आत घरी पोचा म्हणावं." मुलींचं विणकाम त्या दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं उचलत. माझा पहिला मोजा बघून त्यांनी भर वर्गात कन्नडमध्ये विचारलं होतं, की हा पायात घालायचा की हत्तीच्या सोंडेत.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. अग्रहारात आमच्या घरापासून तिसऱ्या घरात, थोरले भाऊ नागोजीराव यांच्याकडे त्या राहत. नागोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ झालं होतं. स्वतः नागोजीराव कचेरीत तीस वर्षं फायली बांधून निवृत्त झालेले, आणि रस्त्यात म्हैस आडवी आली तर मुकाट्याने मागे फिरणारे. त्यांची बायको लवकर वारली. मुलगी जयलक्ष्मी, तिला भवानीबाईंनीच वाढवलं.

ही जया नर्सिंग शिकली आणि पंच्याऐंशी साली लष्कराच्या नर्सिंग सेवेत निवडली गेली. नागोजीरावांनी अबोला धरला. शिलेदाराच्या घरातली पोर परक्या पुरुषांच्या जखमा पुसणार, आता तिला स्थळ कोण देणार, असं ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जया निघाली त्या दिवशी ते स्टेशनवरही गेले नाहीत. भवानीबाई तिला गाडीत बसवून परत आल्या आणि भावासमोर उभ्या राहिल्या.

"शंभर वर्षांनी आपल्या घरातलं कुणी लष्करात गेलं, दादा," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही धोतर बदलायलासुद्धा उठला नाहीत."

जयाची नेमणूक पुढे लडाखमधल्या इस्पितळात झाली. ऑक्टोबरात तिचं पत्र आलं. सरकारी कोट जाड आहे, पण थंडी त्याच्याही आत शिरते, असं तिने लिहिलं होतं. बरोबरच्या सिमल्याच्या नर्सला तिच्या आईने केबलचा स्वेटर विणून दिला होता, अंगभर दोरखंडासारखे उभे पीळ असलेला. तो सगळ्यात ऊबदार. 'आत्या, तसला विणून पाठवशील का? तुला काय अवघड आहे!'

अवघड होतं, कारण भवानीबाईंना केबल येत नव्हती.

हे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं त्या वर्गात सांगत आल्या होत्या, की केबल हा रिकामटेकड्या बायकांचा नखरा आहे, सुलट आणि उलट टाका नीट आला म्हणजे माणसाला पुष्कळ झालं. आम्ही ते खरं मानलं. आता कळतं, की त्यांना ती शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं आणि जे येत नाही त्याला त्यांनी नावं ठेवून टाकली होती. आमच्या गावातली निम्मी अभिरुची याच मार्गाने तयार झालेली आहे.

त्यांनी आधी लोकर शोधायला घेतली, कारण त्यासाठी कुणापुढे मान तुकवावी लागत नव्हती. सयाजीराव रस्त्यावरच्या दुकानदाराने बाळाच्या टोपड्यांची फिकट गुलाबी लोकर पुढे केली. दुसऱ्याने लोकर म्हणून जे दाखवलं, त्याचा एक धागा भवानीबाईंनी काडेपेटी मागून तिथेच पेटवला. तो प्लास्टिकसारखा वितळून काळा मणी झाला. "याची बादली करा," असं सांगून त्या बाहेर पडल्या. त्या दुकानात पुढे मला त्यांची विद्यार्थिनी म्हणून दोरासुद्धा धड दाखवत नसत.

शेवटी फुटपाथवर स्वेटर विकायला बसलेल्या एका तिबेटी बाईने त्यांना तिबेट्यांच्या वसाहतीत, बैलकुप्प्याला यायला सांगितलं. एका रविवारी त्या बसने तिथे गेल्या, मला पिशव्या धरायला घेऊन. त्या बाईच्या घरात लुधियानाहून आणलेली लोकर रचलेली होती, करड्या रंगाची, अस्सल. भवानीबाईंनी साध्या स्वेटरच्या हिशेबाने लड्या काढल्या. बाईने मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, नमुना कुठला आहे.

"नमुना नंतर बघेन."

बाई हसली आणि शेजारणीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. शेजारीणही हसली. भाषा येत नसली तरी ते हसणं मला ओळखीचं होतं. भवानीबाई वर्गात आम्हांला तसंच हसत.

नमुना गावात एकाच बाईकडे होता, आणि ती म्हणजे कुवेंपुनगरच्या कमलाक्षी. नवरा बँकेत मॅनेजर, बहीण इंग्लंडात, कपाटात विणकामाची विलायती मासिकं. दर गुरुवारी चारपाच बायका तिच्याकडे सुया घेऊन जमत. त्यांतल्या दोघींचं दोन वर्षं एकच मफलर चाललं होतं. एका महिला मंडळाच्या स्पर्धेत ही कमलाक्षी दरवर्षी केबलचा स्वेटर ठेवी, आणि परीक्षक भवानीबाई दरवर्षी त्याला खालून पहिला नंबर देत. एकदा तर त्यांनी शेऱ्याच्या जागी नुसतं 'गाठोडं' लिहिलं होतं.

तिच्या दारात भवानीबाई मला घेऊन गेल्या त्या गुरुवारीच. मला वाटतं, मुद्दाम. फजिती व्हायचीच तर चार माणसांत होऊन जाऊ दे, अशा त्या होत्या. कमलाक्षीने कॉफी दिली, चौकशी केली आणि सगळ्या ऐकतील अशा आवाजात विचारलं, "माझ्या स्वेटरला गाठोडं म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते. गळा आवळला होता त्याचा."

"आणि केबल?"

भवानीबाईंनी कप खाली ठेवला. "केबलमधलं मला काही कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "अजूनही कळत नाही. शिकायला आलेय."

एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. दुसरी एखादी विरघळली असती. कमलाक्षी विरघळली नाही. मासिक घराबाहेर जाणार नाही, इथेच बसून उतरवून घ्या, म्हणाली. भवानीबाईंचं इंग्रजी बेताचं. 'सी सिक्स एफ' म्हणजे काय, हे त्यांनी एका दुपारी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा कमलाक्षीने गालातल्या गालात हसून सांगितलं: तीन टाके जादा सुईवर काढून पुढे ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग ते ठेवलेले. दोरी वळल्यासारखा पीळ पडतो. तिची ती आखूड जादा सुई लंडनची होती. भवानीबाईंनी सायकलच्या दुकानातून चाकाची एक तार मागून आणली, तिचा बोटभर तुकडा तोडून घेतला आणि दगडावर घासून गुळगुळीत केला.

सहा गुरुवार त्या जात राहिल्या. पहिल्या तीन गुरुवारी कमलाक्षीने सगळ्यांसमोर त्यांचं विणकाम उसवायला लावलं, आणि त्यांनी उसवलं. चौथ्या गुरुवारी तिने लोकर हातात तोलली. "ही पुरायची नाही. केबल लोकर खाते. साध्याच्या सव्वापट धरायला हवी होती."

भवानीबाई पुन्हा बैलकुप्प्याला गेल्या. ती छटा संपली होती, गडद करडी तेवढी शिल्लक होती. तिबेटी बाईने या वेळी आधी नमुन्याचा कागद पाहायला मागितला, बोटाने ओळी मोजल्या आणि मगच लड्या दिल्या. भवानीबाईंनी बाह्या, गळा आणि खालची पट्टी गडद विणली. मुद्दाम दोन रंग घेतलेत असं वाटावं इतकं ते जमून आलं. कमलाक्षीने स्वेटर उलटा करून आतली बाजू पाहिली, शिवणी पाहिल्या आणि म्हणाली, "शिवणी मला अशा येत नाहीत."

"येणारच नाहीत. तुम्ही घाई करता," भवानीबाई म्हणाल्या. दोघींमधलं हे सर्वांत प्रेमळ संभाषण.

जानेवारीत जयाचं उत्तर आलं. ड्यूटीवर घालता येत नाही, रंग नियमात बसत नाही, पण ड्यूटी संपली की दुसरं काही अंगात घालत नाही, असं तिने लिहिलं होतं. सोबत फोटो होता. मागे बोडके डोंगर आणि स्वेटरमधली हसणारी जया. नागोजीरावांनी तो फोटो चौकट करून आणला, आणि ओट्यावर येणाऱ्याला दाखवू लागले: आमच्या घराण्याचं रक्तच तसलं. भवानीबाई आतून ऐकत. एकदा मी तिथे असताना त्या नुसत्या म्हणाल्या, "रक्ताला लोकर लागली, हे नाही सांगत."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता. केबलचा पूर्ण नमुना, ओळीमागून ओळ, कन्नडमध्ये, त्यांच्या ठसठशीत अक्षरांत. खाली बारीक लिहिलं होतं, की लोकर सव्वापट घ्यावी. आपल्याला हे परवापर्यंत येत नव्हतं, असं त्यांनी वर्गाला एकाच वाक्यात सांगितलं आणि लगेच सुया काढायला लावल्या. त्या वर्षी आम्ही अकरा मुली केबल शिकलो. माझा पहिला पीळ चिमटीत धरून त्यांनी बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या, की आतडं छान विणलंयस, आता उसव.