सांग्याकाकांची उलटी वही

सांग्याकाकांच्या हातात नाटकाची वही उलटी असायची. पानांचे आकडे खाली, शेवटची ओळ डोक्यावर. आणि त्या उलट्या वहीतून ते विंगेत बसून एकेक वाक्य असं सोडायचे, की बाहेरचा राजा राजासारखा गरजायचा आणि मिशा काढून राणी झालेला सुतार खरोखर रडायचा. वही उलटी आहे हे सगळ्या जव्हारात पहिल्यांदा दिसलं ते मला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. लग्नाला चार महिने झाले होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

काका म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे चुलते. एकटेच होते. गावातली हौशी नाटकमंडळी त्यांच्या जिवावर चालायची. जो विंगेतून सांगतो तो सांग्या, असं डोंगरातल्या नटांनी त्यांचं नाव पाडलं आणि तेच राहिलं. नट कोण, तर गावातले सुतार, शिंपी आणि साखरशेत-खोडाळ्याकडची भात-नागलीची शेतकरी माणसं. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. काका म्हणायचे, ते ऐकायचे, दहादा घोकायचे. काकांच्या तोंडून आलं ते नाटक, वहीत काहीही असो.

या माणसांना बोहाड्याची सवय. तिथे देवाचा नाहीतर राक्षसाचा मुखवटा चढवला की वाजंत्रीवर नाचायचं. उघड्या तोंडाने चारचौघांत बोलायचं म्हटलं की विंगेकडे तोंड फिरवायचे. काका त्यांना दोष देत नसत. म्हणायचे, "बोहाड्यात माणसाला मुखवटा असतो. नाटकात नुसतं वाक्य असतं. वाक्य चुकलं की माणूस उघडा पडला."

एका दुपारी मागच्या पडवीत मी नागली पाखडत होते आणि समोर काका वही धरून पुटपुटत होते. मी फिस्सकन हसले. "काका, वही उलटी धरलीत!"

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी वही चाचपून फिरवली आणि हळूच विचारलं, "सूनबाई, कुणाला बोललीस?"

"नाही."

"तीन वर्षं झाली. आधी धूसर दिसायचं, आता उजेड तेवढा कळतो. जुनी नाटकं पाठ आहेत म्हणून निभतंय. मंडळीला समजलं तर मला घरी बसवतील." मग एकदम थांबले. "पण उलटी आहे हे तुला कसं कळलं? तुला वाचता येतं?"

आता राख व्हायची पाळी माझी. वाचणारी बाई नवऱ्याचं आयुष्य खाते, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत होतं. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी मला शिकवलेलं. पण पाठवणीच्या वेळी आईने शपथ घातली होती की सासरी अक्षर ओळखल्याचं दाखवायचं नाही. शहाणपण मिरवायला गेले आणि चार महिन्यांत शपथ मोडली.

अशी आम्हा दोघा चोरांची जोडी जमली. सासूबाई दुपारी देवळात गेल्या की मी सुपाआड वही उघडायची आणि हलक्या आवाजात नवं नाटक वाचायचं. काका डोळे मिटून ऐकायचे. दोनदा ऐकलं की पाठ. अंगणात पावलं वाजली की मी वाक्य अर्धवट सोडून रामरक्षा सुरू करायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून फार धार्मिक आहे हो!

हे नाटक राजवाड्यावर, जव्हारच्या महाराजांसमोर व्हायचं होतं. त्यात एक विदूषक होता आणि त्याचे विनोद इतके शिळे की मला वाचवेनात. मग मला शहाणपण सुचलं. लग्न होऊन येताना मी डोलीतून घाट चढून आले होते. आत बसून पेढे खात होते आणि बाहेर भोयांचा श्वास भात्यासारखा वाजत होता. ते आठवलं आणि वाचता वाचता, आवाजही न बदलता, मी विदूषकाच्या तोंडी घातलं, "महाराज, पालखीत आपण, दम लागला भोयांना. मग घाट कोण चढलं म्हणायचं?"

काका म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. फार लेखिका झाले होते ना मी!

विदूषक होता खोडाळ्याचा धाकल्या. त्याने वाक्य घोकलं आणि कपाळाचा घाम पुसला. "काका, यावर मला धरून नाय ना नेणार?"

"वहीत आहे ते बोलायचं," काका म्हणाले. "लिहिलेल्याला कोण धरतं?"

हे मी दाराआडून ऐकलं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं असतं तर वाचणं कळलं असतं. मी सूप उचलून आत गेले.

महाराजांच्या पाहुण्यांना दिवसाउजेडी घाट उतरायचा होता म्हणून नाटक दुपारीच झालं. आम्ही बायका बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे. धाकल्याने ते वाक्य टाकलं. कुणीही हसलं नाही. महाराज शेजारच्या पाहुण्यांकडे वाकून काहीतरी बोलले. पाहुण्यांनी मागे बसलेल्या कामगारांकडे, म्हणजे दरबारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली बांगडी मी इतकी दाबली की ती पिचली. शेवटचा पडदा पडला तसा धाकल्या तोंडावरचा रंगही न धुता खोडाळ्याच्या वाटेला लागला. आमचे हे दरबारात कारकून, घरी येऊन म्हणाले, "उद्या नोकरी आहे का नाही ते बघायचं." जेवण कुणाला गेलं नाही.

सकाळी दारात घोडं थांबलं. दरबारचे कामगार ओटीवर आले, मागे शिपाई. मी दाराआड, पदर दातांत.

"नाटकाची वही कुणाकडे असते?"

"माझ्याकडे, रावसाहेब."

"ते पालखीचं वाक्य. कुठे आहे, दाखवा."

काकांनी वही उघडली. उलटी. पानावरून बोट फिरवत राहिले. आता शिपाई पुढे होणार, काकांना नेणार, असं मला वाटलं. मी एक पाऊल टाकलं असतं तर सगळं सुटलं असतं. पाऊल उचललंच नाही. घाट चढताना पेढे खाणारी मीच ती.

काकांनी वही मिटली. "साहेब, वाक्य वहीत नाही. ते मी घातलं. धाकल्याकडे बोट दाखवू नका, त्याला अक्षर येत नाही. माझ्या घरातल्या कुणाला ठाऊक नाही."

"तुम्ही लिहिलंत?"

"लिहिणार कसा? मला दिसत नाही साहेब. तीन वर्षं झाली."

ओटीच्या कोपऱ्यातले आमचे हे उभ्या उभ्या "काका!" म्हणाले. कामगार वरमल्यासारखे झाले. "अहो, पाहुण्यांना वाक्य फार आवडलं. त्यांना उतरवून हवं आहे, एवढंच."

एवढंच. हा शब्द अजून कुणी उच्चारला तरी माझ्या पायाखालची ओटी हलते.

संध्याकाळी काकांनी मला कागद आणायला सांगितला. मी म्हटलं, "ह्यांना सांगा ना लिहायला." ते म्हणाले, "वाक्य ज्याचं, अक्षर त्याचं." कधी ओळखलं होतं देव जाणे. मी रडत लिहिलं. चिठ्ठी गेली आणि अक्षर कुणाचं असं कुणीतरी विचारील म्हणून मी कितीतरी दिवस धास्तावून होते. कुणी विचारलं नाही. ह्यांनीच लिहिलं असं धरून वळणदार अक्षराचं मात्र दरबारात कौतुक झालं, आणि हे बिचारे बरेच दिवस बुचकळ्यात होते.

मंडळीने विंगेत चष्मेवाले एक मास्तर बसवले. काकांना मान म्हणून पुढच्या रांगेत पाट. पहिल्या प्रयोगाहून परत आल्यावर ते म्हणाले, "समोरून नाटक फार लांब असतं गं."

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. दुपारचं वाचन चालू राहिलं. मंडळीसाठी नाही, आमच्यासाठी. पण मी आता ओळीबाहेर पाऊल टाकत नव्हते. एकदा ते म्हणाले, "हल्ली सगळं वहीतलंच वाचतेस. घाबरलीस?"

"नाही," मी म्हटलं. साफ खोटं.

दोन वर्षांनी थंडीत ते अंथरुणाला खिळले. श्वास भोयांसारखा वाजत होता. मी तेच राजवाड्यावरचं नाटक वाचायला घेतलं. पाचवा अंक संपला, वही संपली. काका डोळे मिटून होते, पण कान जागे होते. आत सासूबाई वावरत होत्या. मी रामरक्षेकडे वळले नाही. कोरं पान उलटलं आणि वाचू लागले, "अंक सहावा."

काकांच्या ओठांच्या कडा हलल्या. वही पाच अंकांची हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"सांग," ते म्हणाले. "विंगेतून ऐकू जाईल एवढंच."