पारधी बोलीतला जबाब

“आपल्याकडे इंग्रजांनी असं काही केलं नाही हो,” चहाचा कप खाली ठेवत एक काकू शेजारणीला म्हणाल्या.

शुक्रवार होता. कुवेतच्या महबूला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ओळखीची मराठी कुटुंबं जमली होती. काकूंच्या नातवाने शाळेचा प्रोजेक्ट वाचून दाखवला होता: इंग्रजांनी वसवलेल्या ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं आईबापांपासून कशी तोडली, आणि त्यांना उचलायला बहुतेकदा पोलीसच कसे जात. इथे येण्याआधी मी महाराष्ट्रात फौजदार होते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ‘पोलीस’ म्हटल्यावर नजरा माझ्याकडे वळल्या. मी एरवी फारशी बोलत नाही. त्या दिवशी एक केस सांगितली.

ती दुपार जशीच्या तशी आठवते. एसटी स्टँडवरून ठाण्यात फोन आला, एका पारधी बाईच्या कडेवर गोरीपान पोर आहे, चोरलेलीच असणार. स्टेशन डायरीला नोंद झाली, गाडी गेली, मायलेकी ठाण्यात आल्या. सूर्यास्तानंतर बाईला बसवून ठेवता येत नाही, म्हणून साहेबांना निर्णय लवकर हवा होता. बाईवर अपहरणाचा गुन्हा आणि मुलगी बालगृहात, असं जवळजवळ ठरलंच होतं.

चौकशीत बाई एवढंच म्हणे, “माझीच हाय.” बाळंतपण कुठे झालं, कुणी पाहिलं, यावर गप्प. हवालदार मला म्हणाले, “मॅडम, खरी आई अशी तोंड शिवून बसंल का?”

तेवढ्यात ती मुलीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. हवालदारांच्या मते ती चोरांची भाषा, पोरीला पढवणं चाललं होतं. मला शब्द न् शब्द कळला. नर्सबाईचं नाव काढू नको, ती सांगत होती, तिलाही धरून आणतील.

पोलिसांपुढे गप्प बसणारा माणूस प्रत्येक वेळी स्वतःला वाचवत नसतो, हे मी त्या दिवशी शिकले.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि तिच्याच बोलीत सांगितलं, नर्सबाईला कुणी हात लावणार नाही, माझा शब्द. तिने बराच वेळ माझ्या गणवेशाकडे पाहिलं. मग नर्सबाईच्या गावाचं नाव सांगितलं.

निरोप मिळताच नर्सबाई स्वतः रिक्षा करून आल्या. दारातूनच म्हणाल्या, “अगं, ही तर आमची मैदा! माझ्याच हातावर झालीय. जन्मली तेव्हाही अशीच पांढरीफटक होती.” साहेब हसले. मला म्हणाले, जबाब तुम्हीच घ्या. उजेड होता तोवर मुलगी आईच्या कडेवर बसून ठाण्याबाहेर पडली. नोकरीत पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, पण त्या जबाबाखालच्या सहीइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाच नाही.

माझं सांगून झालं. कुवेतमधल्याच अब्बासियाहून आलेल्या, मूळच्या रत्नागिरीच्या भाभींनी विचारलं, “पन तुला गो त्यांची बोली कशी येते?”

आमच्या आडनावावरून जात कळत नाही. त्यात माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. हा प्रश्न ठाण्यात साहेबांनीही विचारला नव्हता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे ठरवायचं मलाच होतं.

“माझ्या घरची बोली आहे ती,” मी म्हटलं. “आम्ही पारधी. इंग्रजांनी आमची अख्खी जमात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात घातली. माझ्या आजीला लहानपणी तिच्या आईजवळून पोलिसांनीच ओढून नेलं होतं. त्या आजीची नात मी, आणि मी फौजदार होते.”