नातीची बाई

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरात तेवढं शिकलेली बाई मी एकटीच, आणि मला त्याचा ताठा होता. सून शाळेची पायरी चढली नव्हती. ती पहाटे फुलं घेऊन नाशकात विकायला जायची, मुलगा मळ्यात असायचा, म्हणून नातीचा अभ्यास माझ्याकडे.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट, नात तिसरीत होती. मी शिकले तशीच तिला शिकवायचे. मी धडा वाचायचा, तिनं ओळीखाली बोट धरून माझ्यामागून म्हणायचा. चार वेळा म्हटला की तिला घडाघडा यायचा. शेजारणी आल्या की मी तिला मुद्दाम पुस्तक घेऊन बसवायचे.

मग गुरुजींनी बोलावणं पाठवलं. म्हणाले, "हिला वाचता येत नाही. अशीच राहिली तर चौथीत घालता येणार नाही."

"तुमचंच लक्ष नसेल," मी म्हटलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच गं."

नातीनं अख्खा धडा म्हणून दाखवला, एक अक्षर चुकलं नाही. मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी पुस्तकाची चार-पाच पानं उलटली आणि म्हणाले, "आता हे वाच."

नातीचं बोट नव्या पानावर चालायला लागलं आणि तोंडातून जुनाच धडा यायला लागला. वर्गातली पोरं हसली. मी तिथंच तिच्या पाठीत धपाटा घातला. चूक माझी होती, पण पाठ तिची सापडली.

मुलगा म्हणाला, "डोकं नाय तिला. घरी बसून फुलं ओवंल." मी गप्प बसले. सून गप्प बसली नाही. फुलं घ्यायला येणाऱ्यांत कोणी मास्तरीण वाटली की ही विचारायची, "ताई, पोरगी हुशार हाय पण वाचत नाय, काय करू?" असं विचारत विचारत तिनं एक बाई शोधून काढली. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका कॉलनीत ती अशाच मुलांना घरी शिकवायची.

सुनेला फुलं टाकून जमत नव्हतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा नातीला बसनं न्यायचं काम माझ्यावर आलं.

बाई तिशीची असेल. केस खांद्यापर्यंत कापलेले. पहिल्याच दिवशी तिनं नातीची तासभर परीक्षा घेतली आणि मला म्हणाली, "आजी, हिची बुद्धी चांगली आहे. अक्षरं मात्र हिच्या लक्षात राहत नाहीत, वेगळ्या रीतीनं शिकवावी लागतील. हिच्याकडून धडे पाठ कोण करून घेतं?"

"मी."

"ते आता बंद करा. ऐकून सगळं येत होतं, म्हणून वाचता येत नाही हे कुणाला कळलंच नाही."

दोन वर्षं मी घसा कोरडा केला, त्याची ही पावती. मी व्हरांड्यात जाऊन बसले.

आत बाई थाळीत रवा पसरायची आणि नातीकडून त्यात बोटानं अक्षरं काढून घ्यायची. एकेका अक्षरावर आठवडा जायचा. मला वाटायचं, हे काय शिकवणं? पण आतून नातीचं हसू ऐकू यायचं. माझ्याजवळ अभ्यासाला बसून ती कधी हसली नव्हती.

घरी सारखं बाईंचंच. बाई चहा बशीत ओतून पीत नाहीत, म्हणून हिलाही बशी नको. केस बाईंसारखे कापायचे. एकदा म्हणाली, "आजी, बाईंना गजरा दे. ताजा दे, कालचा नको." मी कालचाच दिला. बाईनं तो लगेच केसात माळला, त्याचाही मला राग आला.

दिवाळीनंतर मी नातीला न्यायचं बंद केलं. गावातल्या नाक्यावरच्या दुकानातून बाईला फोन केला, पोरीला ताप आहे. घरी सांगितलं, बाई गावाला गेली. असे तीन आठवडे काढले. नात रोज विचारायची, "बाई आल्या का?" मी म्हणायचे, "मी नाही का तुला?" आणि तिला मांडीवर घेऊन पुन्हा धडे म्हणून घ्यायला लागले.

एका संध्याकाळी सून फुलांची रिकामी पाटी आपटून उभी राहिली.

"आत्याबाई, बाई गावाला गेल्यात ना?"

"गेली म्हटलं ना एकदा."

"मग आज माझ्याकडून शेवंती कोण घेऊन गेलं? तिचं भूत? पोरीचा ताप उतरला का, विचारत होती."

मी म्हटलं, "त्या बाईनं पोरीला लय डोक्यावर चढवून ठेवलीय."

"तुम्हाला पोरगी शिकायला नको, मांडीवर पाहिजे," सून म्हणाली. "चौथी शिकलेल्या सासूपेक्षा मी अडाणी बरी."

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन गेले. बाईनं दार उघडल्याबरोबर मी सांगितलं, "ताप नव्हता. मीच आणली नाही."

"का?"

"तुमचंच नाव घेते सारखी."

बाईनं नातीला आत घेतलं. "माझा राग राहू द्या आजी," ती म्हणाली, "पण आठवड्यातून दोनदा आणा." मी माफी मागितली नाही, तिनंही मागायला लावली नाही.

व्हरांड्यात बसून मी ऐकत होते. दिवाळीआधी जी अक्षरं नातीला येत होती, त्यातली निम्मी गेली होती. बाई विचारायची आणि आत शांतता. मग नात रडायला लागली. "मला येत होतं. बाई, खरंच येत होतं."

त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. अंगात कणकण असतानाही नेली. घरी ती पुस्तक घेऊन आली की मी उठून गोठ्यात जायचे, नाहीतर तोंड उघडलं असतं. गुरुजींनी तिला चौथीत घातलं, पण बाईकडून दर महिन्याला चिठ्ठी आणायच्या बोलीवर.

चौथीच्या पावसाळ्यात एक दिवस बाई दारात आली. "आजी, आत या. ती आज न शिकवलेलं पान वाचतेय."

आत गेले असते तर तिथं बाईच्या शेजारी बसून ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, "नको, बसची वेळ झाली." बसला अजून बराच वेळ होता, हे बाईलाही माहीत होतं. तिनं दार अर्धं उघडं ठेवलं.

नात एकेक शब्द उचलत होती, मध्येच अडत होती, पुन्हा मागं जात होती. पान संपायला फार वेळ लागला. दोन शब्द तिनं चुकीचे वाचले. मला दोन्ही कळले, पण मी बाहेरून काही बोलले नाही.