वन्सं आणि काळी हिरडी

सोलापुरात हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या बायका वाढल्या असतील, तर त्याला सर्वस्वी आमच्या वन्सं जबाबदार आहेत. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण दातांच्या कॉलेजात शिकवायची. दात उपटण्याशी त्यांचा संबंध नव्हता. जबड्यातून काढलेल्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान सांगायचं, हे वन्संचं काम. जन्मभर काचेवरचे तुकडे पाहून जिवंत माणसांशी बोलायची त्यांची सवयच मोडली होती. माणसांत त्यांना कौतुक एकाच गोष्टीचं, हिरड्यांचं. माझ्या पुतणीच्या लग्नात त्या नवरीला म्हणाल्या, "हास बघू. अजून जरा. वा, काय सुरेख रंग आहे!" पोरगी लाजून चूर झाली. तो रंग हिरडीचा होता, हे तिच्या सासूला समजावत मला बसावं लागलं. भाजीवाल्याला त्यांनी भर बाजारात जीभ बाहेर काढायला लावली, आणि त्यानं ती काढली! तेव्हापासून मी दिसले की तो ओठ घट्ट मिटून भाजी तोलतो.

काळ्या रंगाची तर त्यांना विशेष माया. भाकरीवर शेंगाचटणी वाढून घेता घेता सांगायच्या, "अगं, केसांत, कातडीत असतं तेच हे मेलॅनिन. कधी वाट चुकून जबड्यातल्या गाठीत जाऊन बसतं. सर्जन काळं बघतात आणि हबकतात. मी आधी कापावरचा रंग उतरवते आणि मग खालच्या पेशींना विचारते, बायांनो, तुम्ही कोण?" आमच्याकडे पाहुणे जेवायला टिकत नाहीत ते माझ्या स्वयंपाकामुळे नव्हे, एवढं मला इथं सांगून टाकायचं आहे.

अशा वन्संना सोबत म्हणून मी उजनीकाठच्या माझ्या माहेरगावी नेलं, ही माझी हिंमतच. शेजारणीच्या नातवाचं जावळ होतं. न्हावी तयार, ओवाळणीचं ताट तयार. पण ज्याच्या मांडीवर मूल बसवायचं तो मामाच लांब, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी बसवलेला. मी विचारलं तर आजी कुजबुजली, "पोराला वरचा दात यायलाय, त्योबी काळा. वरचा आदी आला की मामाला वंगाळ. त्यानं पोराचं तोंड बगायचं न्हाय." काळा म्हटल्याबरोबर वन्सं उठल्या. हात धुतले आणि कुणाला न विचारता त्या पाच महिन्यांच्या पोराचा ओठ उचलला. वरच्या हिरडीवर बोराएवढा निळसर काळा फुगवटा होता.

"कधीपासून आहे?"

"धा-पंदरा दिस झालं की. लई भराभरा वाडतोय."

"हा दात नाही. गाठ आहे. आजच्या आज सोलापूर गाठायचं."

"आन् जावळ वं?"

"केस कुठं पळून जात नाहीत, आजी. गाठ थांबायची नाही."

पोराचा बाप चिंचोळीच्या कारखान्यात पाळीवर होता. दारात उभी असलेली एकुलती जीप मामाची. आजी आडवी आली, पोराच्या आईनं रडायला सुरुवात केली. मामा उठून आला. "मला काय व्हायचं त्ये हू द्या. आणा त्याला हिकडं," म्हणाला, आणि भाच्याला उचलून त्यानं सरळ त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग पोर बहिणीच्या ओटीत ठेवून त्यानं जीप काढली.

सोलापुरात वन्संच्या कॉलेजच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा तपासायला घेतला. इतकं काळं आणि इतकं वेगानं वाढलेलं बघून दवाखान्यात सगळे कॅन्सरचंच बोलत होते. वन्संनी घरी जेवताना बोलणंच सोडलं, आणि ती बडबड नको म्हणणारी मी, ती ऐकायला आसुसले. एरवी कागदावर निदान लिहून मोकळ्या होणाऱ्या वन्सं, काप बघून झाले त्या दिवशी स्वतः वॉर्डात गेल्या. "तान्ह्या पोरांनाच होते ही गाठ," त्या आईला म्हणाल्या. "दिसते भयंकर, पण मुळासकट काढली तर बहुतेक वेळा जीव घेत नाही. काळ्याला भिऊ नकोस. मात्र ती परत येऊ शकते, लक्ष ठेवायला हवं."

"आन् दात?"

"पुढचे काही यायचे नाहीत. पोर राहील."

ऑपरेशन झालं. पोर राहिलं.

आता वन्सं निवृत्त आहेत. डोळ्यांचा पडदा गेला, समोरच्या माणसाची नुसती सावली दिसते. मामा मात्र पोराला दवाखान्यात दाखवलं की तिथून थेट आमच्याकडे आणतो. "डागदरांनी बरं हाय म्हनलंय, पर बाईंनी म्हनल्याबिगर मला झोप न्हाय," असं त्याचं म्हणणं. परवाही आला. वन्संनी बोटानं हिरडी हळूहळू चाचपली, पुन्हा चाचपली, आणि मला हाक मारली.

"काळं दिसतंय का गं कुठं?"

"नाही वन्सं. स्वच्छ आहे."

"उजेडात ने. ओठ नीट उचल."

मी त्याला दारात नेलं, पुन्हा पाहिलं. कुठंच काळं नाही, असं सांगितलं.

"नीट शिकून घे," त्या म्हणाल्या. "याला अजून काही वर्षं बघावं लागणार आहे."

मामा माझ्याकडं बघत होता. मी पोराला जवळ घेतलं आणि आणखी एकदा ओठ उचलला.