शेवयांत तिसऱ्या

टपालकाका पत्र देण्याआधी ते नाकाला लावत. भर रस्त्यात सायकल एका पायावर तोलून धरायची, पाकीट नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "हे मुंबईचं. गिरणीतल्या तेलाचा वास येतोय." "हे तुमच्या लेकीचं. मेथी निवडता निवडता लिहिलंन दिसतंय." खरंखोटं देव जाणे. पण आरे-वारेच्या अलीकडच्या आमच्या वाडीत पाकीट फोडण्याआधी काका काय म्हणतात, इकडेच सगळ्यांचे कान असत.

वाडीतले निम्मे पुरुष मुंबईत आणि उरलेल्यांतले बरेच बोटींवर. काका स्वतः कोल्हापूरच्या पुढे गेलेले नव्हते. सुटीवर आलेल्या खलाशाला सगळे विचारत, "काय आणलंस?" काका विचारत, "काय खाल्लंस?" आणि नुसतं नाव सांगून सुटका नसे. आंबट होतं की तुरट? हातानं खातात की कसं? तोंडात विरघळतं की चावावं लागतं? एका बोटीवरच्या भंडाऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, त्यांनी स्टँडवर गाठून इतकं पिडलं की त्याची एस.टी. सुटली. तो चिडला, काका मात्र खूश. पुढची गाडी दोन तासांनी होती.

मी तेव्हा, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, एका मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये तेलवाला होतो. घरी आई एकटी. तिला वाचता येत नसे. माझी पत्रं काका आमच्या ओटीवर बसून तिला वाचून दाखवत. पत्रं म्हणजे चार ओळी. मी खुशाल आहे. बोट इटलीला आहे. हवा थंड आहे. काळजी करू नये. याहून जास्त लिहिणार काय? बंदर आलं तरी मी खाली उतरत नसे. इतर लोक टेपरेकॉर्डर बघत हिंडत, मी बोटीवरचा डाळभात खाऊन झोपत असे. परक्या ताटात काय येईल याची मला भीतीच वाटे.

एकदा सुटीवर आलो, तर पाय धुवायच्या आधीच आईनं विचारलं, "त्या म्हातारीचा गुडघा कसा आहे रे?"

"कुठली म्हातारी?"

"इटलीतली. तुला शिरवाळे करून घालते ती. नारळाच्या रसात."

मी तसाच उठून काकांकडे गेलो. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुझ्या पत्रात चार ओळी, त्यांतली एक हवेची. वहिनी दर वेळी विचारायच्या, पोरानं काय खाल्लंन ते नाही लिहिलंन? पोर उपाशी असेल म्हणून रात्रीचं जेवण सोडलं होतं त्यांनी, ठाऊक आहे तुला? मग मी पत्रात म्हातारी घातली. बंदरावर खानावळ आहे तिची, आग्रह करकरून वाढते, असं वाचलं. त्या रात्री वहिनी जेवल्या."

"पण शिरवाळे?"

"तो भंडारी म्हणाला होता, इटलीत शेवया खातात. आता शेवया म्हटल्या की नारळाचा रस नि गूळ आलाच. त्यात विचारायचं काय?"

जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं नेमका तेवढाच प्रश्न विचारला नव्हता! मला हसू आलं, पण आईचं ते सुटलेलं जेवण आठवून ते टिकलं नाही. काकांनी माझा हात धरला. "आता एवढं कर. बंदर आलं की उतर, खा आणि पुरतं लिही. किती दिवस खोटं वाचू मी? आणि ती द्राक्षांची दारू म्हणतात, ती कशी लागते तेही बघ. बघ म्हणजे घोटभर हां."

पुढच्या फेरीला नेपल्स लागलं. भर दुपारी मी एकटाच उतरलो आणि बंदरामागच्या गल्लीतल्या एका खानावळीत शिरलो. टेबलं पाचच होती. मालक टकला, कपाळाला आठ्या. मला त्याची भाषा येईना, त्याला माझी. मी शेजारच्याच्या ताटलीकडे बोट दाखवलं. थोड्या वेळानं माझ्यापुढे शेवया आल्या. लांबलचक, वाफाळत्या, तेला-लसणात घोळलेल्या, आणि वर चक्क तिसऱ्या! शिंपल्यांसकट! आमच्या खाडीतल्याच जणू. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

काट्यावर शेवया राहीनात. तिसऱ्या मात्र मला कोणी शिकवायला नको होत्या. शिंपली उचलली, तोंडाला लावली, ओढली. ते पाहून मालकाच्या आठ्या गेल्या. त्यानं माझ्या हातातला काटा घेऊन शेवया गुंडाळून दाखवल्या आणि एका चंबूतून पांढरी वाइन ओतली. पहिला घोट आंबट लागला, मागून तुरट. मी तोंड वाकडं केलं. त्यानं खुणेनं सांगितलं, आधी तिसरी खा, मग घोट घे. तसं केलं आणि गंमत झाली. तीच वाइन, पण आता तिचा आंबटपणा बोचेना, आणि तिसरीची चव जिभेवर अजून थोडा वेळ थांबली. खरंच असं होतं का, हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. काकांचे सगळे प्रश्न मला ऐकू येत होते. शेवटी उरलेला रस पावानं पुसून खाल्ला. इतकी वर्षं बोटीच्या पोटात बसून मी काय काय घालवलं, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

बोटीवर परतल्या परतल्या मी चार पानं लिहिली. वाइनसकट सगळं. म्हातारी तेवढी नव्हती, कारण ती तिथं नव्हतीच.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. काकांनी ते पत्र खुशीत वाचलं, वाइनच्या जागी फक्त सरबत घातलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "भावजी, आज तुम्ही खोटं वाचताय. शेवयांत तिसऱ्या कोण घालील? आणि म्हातारी कुठे गेली?" काकांनी ग्रामदेवतेची शपथ घेतली. आईनं ते पत्र घेतलं, पेटीतली जुनी सगळी पत्रं काढली आणि शाळेतल्या बाईंकडे गेली. बाईंनी शब्दन् शब्द वाचला. एका दुपारीत आईला कळलं की तिसऱ्या खऱ्या, सरबत खोटं आणि म्हातारी मुळातच नाही.

काकांना तोंड दाखवायची लाज वाटली. आठ दिवस ते ओटीवर चढले नाहीत, आमचं टपाल दुकानात ठेवून पुढे जात. नवव्या दिवशी आई रस्त्यात उभी राहिली, सायकल थांबवली आणि त्यांना ओटीवर आणून बसवलं. पुढे शिरवाळ्यांचं ताट ठेवलं. "आधी खा." काकांनी मान खाली घालून खाल्लं. मग तिनं माझं नवं पत्र हातात दिलं. "आता वाचा. पोरानं जेवण लिहिलंन नसेल, तर तुम्ही घाला. पण म्हातारीला मारू नका."

त्यानंतर माझ्या पत्रांत जेवण नेहमीच असे, आणि ओटीवर म्हातारीही असे. तिचा गुडघा पुढे बरा झाला म्हणतात.

काका निवृत्त झाले. काकी गेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा मुंबईला नोकरीत. माझ्या एका सुटीत आईनंच सांगितलं, "बघून ये त्यांना. शेजारणीनं दिलेलं ताट तसंच राहतं." मी गेलो तेव्हा ताट झाकलेलंच होतं. मुलाचं पत्र आलेलं होतं. काका म्हणाले, "वाच."

मी खुशाल आहे. पाऊस बरा आहे. काळजी करू नये. एवढंच होतं. तरी मी पुढे वाचत गेलो. "काल मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या आईनं सुरमई तळली होती."

"तुकडे जाड की पातळ?"

"जाड. आणि सोलकढी. दोन वाट्या प्यायलो, असं लिहिलंय."

काकांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी ते नाकाला लावलं आणि डोळे मिटले. "नुसत्या शाईचा वास येतोय," ते म्हणाले. मला मान वर करवेना. त्या माणसाची इतकी माया मला कधीच वाटली नव्हती.

मग त्यांनी पत्र मला परत दिलं, चाचपडत ताट जवळ ओढलं आणि वरची ताटली काढून बाजूला ठेवली.

"वाच पुढे," ते म्हणाले. "सोलकढीला लसूण होती का?"