धुतलेला बुंधा

खाली त्यांनी बुंधा धुतला तेव्हा मी अजून झाडावरच होते.

दोन बायका होत्या. हात पोचेल तिथपर्यंत पाणी मारलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा हळदकुंकू लावलं. मग पाटलीणबाईनं वर पाहिलं.

"अवं माय! ते पोरगी तं वरच हाय!"

बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "राहू द्या. वांदरीन हाय ते, झाडावरच करमते तिले."

पाटलीणबाई हसली नाही. मला म्हणाली, "आता उतरू नोको. झाड शुद्ध केलं. कुसुमचा झोका होऊ दे, बाया घरी जाऊ दे, मंग उतर."

मी आंब्याच्या फांदीवर बसून राहिले. त्याच फांदीला झोका होता.

नागपंचमी होती. आमचं गाव कळंबकडचं. झाडावर चढायचं काम माझ्या बापाचं. फांद्या तोडायच्या, आंबे उतरवायचे, बांडगूळ काढायचं. बारीक फांदी त्याला पेलत नसे, तिथं मी जायची. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष होत आलं होतं. घरातले देव गेले, पण बापाचा कोयता पाटलाच्याच झाडावर.

त्या दिवशी कुणी काही चिरत-कापत नाही, म्हणून छाटणी आदल्या दिवशी झाली. याच फांदीवर बांडगूळ होतं. बाप म्हणाला, "मालक, फांदीच हातभर मागून काढू द्या. बांडगुळाचं मूळ लाकडात घुसते."

पाटील म्हणाला, "झाड बोडकं कराले बसला का? फांदी झोक्याले पाहिजे. वरून छाट." बापानं वरून छाटलं.

सकाळी झोक्याचा दोर घसरला. बाप कळंबला गेलता, म्हणून मला बोलावलं. मी वर जाऊन गाठी आवळल्या. माझा हात लागलेला दोर त्यांना चालत होता. पाय लागलेलं झाड चालत नव्हतं.

कुसुम पाटलाची मुलगी, माझ्याच वयाची. हिरव्या बांगड्या, कोरं परकर-पोलकं. तिनं झोका घेतला की माझी फांदी हलायची. तिचा एकेक झोका माझ्या बुडाखालून जात होता. मुंगळे मांडीवर चढले. त्यांचं मला काही नव्हतं. मी जळत होते. बांगड्यांवर नाही, पोलक्यावर नाही. झोक्यावर. दर वर्षी दोर आम्ही बांधायचा आणि एकदाही मी त्यावर बसले नव्हते. ती पडावी असं वाटलं. फांदी मोडावी, तिच्याबरोबर मीही खाली आले तरी चालेल.

फांदी मोडली नाही.

मी म्हणाले, "कुसुम, उतर."

तिनं वर पाहिलं. "ताई म्हन."

"कुसुम, उतर. मी गाठ सोडून राह्यली."

मी सरकत गाठीजवळ गेले. माझे पाय तिच्या डोक्यावर आले तशी ती ओरडत उडी मारून पळाली. मी गाठी हातानं सोडल्या. काही कापलं नाही. दोर चिखलात पडला. मग ओल्या बुंध्याला मिठी मारून खाली उतरले. हळद माझ्या पोटाला लागली.

"कायले सोडला वं दोर?" पाटलीणबाई ओरडली.

"बांधला कोनं व्हता?"

संध्याकाळी बाप परत आला. त्यानं हात जोडले, दोर पुन्हा बांधला, आणि घरी येऊन मला मारलं. दुसऱ्या दिवशी कुसुम त्याच झोक्यावर होती.

मी बापाला सांगितलं, मार, पण मी चढणार नाही. त्यानं मारलं. मी चढले नाही. पुढं माझ्या मुलींनाही दुसऱ्याच्या झाडावर चढू दिलं नाही.

कुसुमचा हेवा मला अजून वाटतो. लोक म्हणतात, जाऊ दे, म्हातारी झालीस. मी जाऊ देणार नाही.

बुंधा धुवून झाडावर बसवून ठेवलेली ती पोरगी मी होते.