दोन बोटं पट्टा

हे मी कुंदाला सांगितलेलं नाही. म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही — कारण काहीही असलं तरी आधी बायकोला सांगायचं ही माझी जुनी सवय, आणि जे तिलाच सांगता येत नाही ते ऐकायला मग दुसरं कोण उरतं? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्याकडे कधी चहाला येणार नाही. आलात तर तुमच्या लक्षात येईल की चहाचा ट्रे मी घेऊन येतो. लोक माझं कौतुक करतात त्याबद्दल. करू देत.

नाशकात समुद्र नाही. तरी नव्वदच्या दशकात आम्ही पाचसहा जण पाठीला हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला शिकलो. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त होऊन कॉलेज रोडला राहायला आले होते. कडक माणूस. रविवारी सकाळी तरण तलाव, आणि हिवाळ्यात मखमलाबादच्या तात्यांची विहीर. तात्यांची झेंडूची आणि शेवंतीची शेती. विहीर चांगली खोल, आणि थंडीत पाणी इतकं नितळ की काठावर बसलं तरी आत कोण काय करतंय ते सगळं दिसायचं. तात्या बसायचेच. त्यांची ती करमणूक होती.

मी वाईट होतो. हे आज सरळ लिहितोय, तेव्हा मान्य करायला जीव जात होता. पाण्याखाली माणसाने आडवं, स्थिर राहायचं असतं — न हात मारता, न पाय झाडता. माझे पाय खाली जायचे, डोकं वर, आणि मी गाळ उडवत म्हशीसारखा चालायचो. कुंदा — शाळेत शिकवणारी, लग्नाआधी कळवणच्या नदीपलीकडे काही न पाहिलेली माझी बायको — ती पहिल्याच वर्षी शांत तरंगायला लागली. मला जमत नाही याला मी एक कारण शोधून ठेवलं होतं: जॅकेट. पाण्याखाली वरखाली होण्यासाठी आम्ही हवा भरायचं जॅकेट घालायचो, आणि त्यातली हवा छातीशी, बगलेशी जमून माणसाला उभं करते. हे खोटं नाही. पण ते कुंदालाही उभं करत होतंच की. ती कशी आडवी राहायची? हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

मग जॅकेट टाकून प्लेट आणि विंग घ्यायची टूम निघाली. काढली मीच. पाठीवर स्टीलच्या पत्र्याची एक प्लेट, तिच्या मागे घोड्याच्या नालासारखी हवेची पिशवी — तिला विंग म्हणतात — आणि तिच्यावर सिलिंडर. पोटाशी, छातीशी काही नाही. सगळी हवा पाठीवर, त्यामुळे माणूस आपोआप आडवा. मी सातपूरला एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचो. सरांच्या पुस्तकात बघून प्लेटचं ड्रॉइंग मीच काढलं, ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन प्लेटा वाकवून आणल्या. विंगा सरांच्या भाच्याने दुबईहून आणल्या. एक माझी, एक कुंदाची.

उरला पट्टा. या प्रकारात अंगाला बांधायला एकच लांब पट्टा असतो. तो प्लेटच्या खाचांमधून ओवून दोन्ही खांद्यांवरून कमरेपर्यंत आणायचा. तो ज्याच्या अंगाचा, त्याच्याच अंगाला बसतो. कुंदाने दोन रविवार घालवून दोघांचे पट्टे बसवले. एक बोट इकडे, अर्धं बोट तिकडे, पुन्हा पाण्यात, पुन्हा बाहेर. बरोबर बसल्यावर तिने खाचेच्या अगदी कडेला, पट्ट्यावर लाल दोऱ्याचा एक टाका घातला. पट्टा सरकला तर टाका खाचेपासून लांब दिसेल, लगेच कळेल. पाण्यात उतरण्याआधी ती दरवेळी टाक्यावरून अंगठा फिरवून बघायची. टाका जागेवर म्हणजे सगळं जागेवर.

आणि मग काय झालं? मी तरीही म्हशीसारखाच चाललो. माझ्या प्लेटने, माझ्या ड्रॉइंगने माझं एकुलतं एक कारण काढून घेतलं. कुंदाचं मात्र विचारू नका. सरांची एक परीक्षा होती — स्टीलच्या ताटलीत काचेची एक गोटी ठेवायची, ताटली हातात धरायची आणि विहिरीच्या मध्यात कशालाही न धरता तरंगत राहायचं. जरा कललात की गोटी काठाला. माझी गोटी ताटलीतून पडून तळाला गेली. कुंदाची जागची हलली नाही. मी वर आलो तेव्हा तात्या काठावरून म्हणाले, "वैनी तं पान्यात झोपल्यावानी दिसत्या. अन् तुमची लय धडपड चालती बुवा." सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मी महिनाभर विसरलो नाही.

त्यात सरांनी जाहीर केलं की हिवाळा संपायच्या आत लक्षद्वीपला शिबिर आहे, मदतनीस म्हणून इथल्या एकाला नेता येईल, आणि ते वहिनींना नेणार. कुंदाने समुद्र आतून पाहिला नव्हता. घरी येऊन ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. मी अभिनंदन केलं. श्रीखंडही आणलं.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय मी किती नीच आहे ते कळणार नाही. सासूबाईंना कंपवात होता. शेवटची दोन वर्षं त्या आमच्याकडे होत्या. कप धरता यायचा नाही, बशी खडखडायची, कुंदा चमच्याने भरवायची. पण सुरुवात हातापासून झाली नव्हती. सुरुवात तोलापासून झाली होती — कळवणच्या बाजारात चालताना त्या एका अंगाला झुकायला लागल्या, आणि घरातले सगळे त्यांना हसायचे. कुंदाही हसली होती. ते तिच्या मनात सलत होतं. हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. मी तिचं सगळं ऐकून घेतो ना!

एका शनिवारी दुपारी कुंदा शाळेत होती. मी तिचा शिवणाचा डबा काढला, तिच्याच कात्रीने तिचा लाल टाका उसवला, डाव्या खांद्याचा पट्टा दोन बोटं सैल केला, आणि त्याच लाल दोऱ्याने खाचेच्या कडेला नवा टाका घातला. सुई ओवायला मला दहा मिनिटं लागली. टाका तिच्यासारखा यावा म्हणून दोनदा काढून पुन्हा घातला. आयुष्यात दुसरं कुठलं काम मी इतक्या निगुतीने केलंय? आठवत नाही.

दोन बोटं बाहेर, कोरड्यात कळत नाहीत. पाण्यात आडवं झालं की कळतात — सिलिंडर हळूच एका अंगाला सरकतो आणि माणसाला सोबत ओढतो. जिवाला धोका नाही, ते मी नीट पाहिलं होतं. मला तिला बुडवायचं नव्हतं, नुसतं कलवायचं होतं. दुसऱ्या दिवशी कुंदाने अंगठा टाक्यावरून फिरवला, मान डोलावली आणि उतरली. गोटी डावीकडे गेली. तिने सावरलं. गोटी पुन्हा डावीकडे. वर तात्यांनी मला विचारलं, "आज वैनी एका अंगाला का कलत्या हो? बरं नाय का त्यांना?"

मी म्हणालो, थकली असेल.

असे चार रविवार गेले. सरांनी तिचे पट्टे तपासले, टाका जागेवर होता, ते म्हणाले सामान ठीक आहे. सामान ठीक, मग काय बिघडलंय? ती घरी दिवाणखान्यात डोळे मिटून एका पायावर उभी राहून बघायची. तिचा चेहरा मी वर्तमानपत्राच्या आडून पाहिला. ती काय समजतेय ते मला तेव्हाच कळलं — आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मला गंमत वाटली. माझ्या अपेक्षेपेक्षा पट्ट्याने जास्त काम केलं होतं.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी तपासून काही नाही म्हटलं, वाटलं तर वर्षाने दाखवा म्हणाले. रिक्षात ती म्हणाली, "म्हणजे अजून नाही." डॉक्टर 'अजून' म्हणाले नव्हते. मी शेजारीच बसलो होतो. मी रिक्षाबाहेर बघत राहिलो.

इथवर मी गेली कित्येक वर्षं मनात स्वतःला सांगत आलोय. पट्ट्याचं सांगणं त्या मानाने सोपं आहे. लबाडी झाली, मत्सर झाला, माणूस करतो. पुढचं सांगायचं म्हणजे — थांबा. सांगतो.

ती येणार की नाही हे सरांना शेवटचं कळवायच्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी कुंदाने टेबलावर उजवा हात पुढे धरला. बोटं पसरलेली. म्हणाली, "अहो, नीट बघा. खरं सांगा. हलतोय का?"

हात हलत नव्हता. दगडासारखा स्थिर होता. खिडकीतून ऊन त्यावर पडलं होतं, बोटाला पोळ्यांचं पीठ लागलेलं होतं, आणि तो हात जराही हलत नव्हता. मी वाकून पाहिलं. जरा वेळ घेतला — तो वेळही मी मुद्दाम घेतला.

"थोडासा," मी म्हणालो.

तिने हात खाली घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून ठेवला. रडली नाही. सरांना फोन तिने स्वतः केला आणि म्हणाली, ह्यांना न्या.

मी गेलो. होय, गेलो! समुद्रातही तसाच चाललो, गाळाऐवजी वाळू उडवत. सर तिसऱ्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. परत आल्यावर कुंदाने मला समोर बसवून सगळं विचारलं — मासे कसे, रंग कसे, प्रकाश किती खोल जातो. मी रंगवून सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. त्याआधी, निघण्याच्या आदल्या दिवशी, मी पट्टा पुन्हा दोन बोटं घट्ट करून टाका मूळच्या जागी घालून ठेवला होता. तो कुणी बघणार नव्हतं. ती पुन्हा पाण्यात उतरली नाही.

त्याला सहा वर्षं झाली. तिने स्कूटर विकली. शिवणाचा डबा भाचीला देऊन टाकला, म्हणाली आता सुई नको. पाहुण्यांसमोर ट्रे धरत नाही. हात आजही हलत नाही, एकदाही हललेला नाही, पण ती त्याला कशातच घालत नाही. भरलेलं पातेलं उचलताना मला हाक मारते, आणि मी लगेच जातो. मी फार चांगला नवरा झालोय.

दर सकाळी चहाच्या वेळी ती हात पुढे धरते. पहिल्या महिन्यातच मी 'नाही' म्हणायला लागलो होतो. अगदी खरं तेच. आज सकाळीही तिने धरला. मी म्हणालो, "नाही गं. जराही नाही."

ती हसली आणि तोच हात माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही काय, नाहीच म्हणणार," ती म्हणाली. "तेव्हा एकदाच काय ते खरं बोललात. तेव्हापासून माझं मन राखताय."

मी कप उचलले आणि आत नेऊन विसळून ठेवले.